एका दिवसासाठी उसनी नेलेली थोरली

"साहेब, ही मशीन जर नवीकोरी आहे, तर मग ही एकवीस हजार चारशे बारा तास चालली कधी?"

मित्रांनो, हा प्रश्न एका शाळकरी मुलीनं भरल्या खोलीत बँकेच्या साहेबांना विचारला. हातात फुलांचा गुच्छ, दोन घट्ट वेण्या आणि खणखणीत आवाज. तिच्या दोन मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, "एवढी भाषणवाली झालीस ना, मग विचारून दाखव! नाही विचारलंस तर महिनाभर आमची दप्तरं तुझ्या पाठीवर." तिनं विचारलं. खोलीतली सगळी मोठी माणसं एकदम खोकायला लागली. आणि तिनं जिच्याकडे बोट दाखवलं होतं, ती मशीन म्हणजे मी.

म्हणून म्हटलं, माझी हकीकत आता मीच सांगावी. दुसरं कुणी सांगेल असं काही दिसत नाही.

मी डायलिसिसची मशीन आहे. माणसाच्या पोटात दोन मूत्रपिंडं असतात, ती रक्त धुण्याचं काम करतात. काहींची ती दमतात, थांबतात. मग तेच काम मी करते. एका नळीनं रक्त बाहेर घेते, धुते आणि दुसऱ्या नळीनं परत देते. चार तास लागतात. माणूस आठवड्यातून दोनदा येतो आणि येतच राहतो. एक खाडा चालतो का? नाही चालत. दोन खाडे झाले तर काय होतं ते पुढे येईलच. आत्ताच सांगितलं तर तुम्ही वाचायचं सोडून द्याल.

मला एका लांबच्या कारखान्यात बनवलं. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका माझ्या पोटात एकेक पंप, एकेक नळी अशा हातानं बसवत होत्या, की जणू परगावी निघालेल्या लेकीची बॅग भरताहेत. मग माझी चाचणी झाली. तीन दिवस, म्हणजे बहात्तर तास. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, मी एकूण किती तास चालले ते सांगणारा. तो कुणालाच मागे फिरवता येत नाही. बहात्तरवर असताना मला खोक्यात घातलं आणि सरकारी इस्पितळात पाठवलं.

आम्ही सहा जणी आलो. ट्रकमधून आधी मी उतरले, म्हणून तिथल्या सिस्टरनी माझं नाव ठेवलं थोरली. धाकटीपर्यंत बाकीच्या पाच जणींनाही नावं मिळाली. तळमजल्यावरची लांबोडी खोली आम्हाला दिली. सहा खुर्च्या, सहा मशीन आणि भिंतीवर दहा मिनिटं पुढे असलेलं घड्याळ. ते सिस्टरनी मुद्दाम पुढे ठेवलं होतं. चार तास संपत आले की माणसाला एकेक मिनिट जड जातं, तेवढाच दिलासा. खिडकीतून धुलाईचं आवार दिसायचं. तिथे दोऱ्यांवर इस्पितळाच्या चादरी वाळत असायच्या. वारा आला की सगळ्या एकदम फुगायच्या, आणि खुर्चीवरची माणसं बोलता बोलता गप्प होऊन तिकडे बघत राहायची.

सिस्टरांकडे दोन गोष्टी कायम असायच्या. किल्ल्यांचा जुडगा आणि उसनवारीची वही. मित्रांनो, ही वही नीट समजून घ्या, कारण सगळं घडलं ते तिच्यामुळेच. सरकारी इस्पितळात कुठल्याच वॉर्डाकडे सगळं नसतं. लहान मुलांच्या वॉर्डात वाफेचं यंत्र नसलं तर ते बायकांच्या वॉर्डातून आणायचं. आमचं ब्लडप्रेशरचं यंत्र बिघडलं तर शेजारून मागायचं. देणारीनं आपल्या वहीत लिहायचं, "अमुक नग, उसने, संध्याकाळी परत," आणि खाली आपली सही करायची. घेणारीची सही कुणी घेत नसे. एकाच घरातल्या जावा वाटीभर साखरेची पावती मागतात का एकमेकींकडे? वस्तू संध्याकाळी परत यायचीच. मी नऊ वर्षं पाहिलं, एकदाही चुकलं नाही.

माझ्याकडे सोमवारी आणि गुरुवारी पहिल्या पाळीला शिंपीकाका यायचे. साडेसहाच्या पाळीला सहालाच हजर. आधी वजन करायचं. दोन डायलिसिसच्या मधे अंगात जे पाणी साठतं, ते वजनात दिसतं.

"दोन किलो सातशे!" सिस्टर ओरडायच्या. "काका, विहीर गिळलीत की काय?"

"नाही हो सिस्टर, नुसता रुमाल ओला करून ओठाला लावला."

"रुमाल होता की गोधडी?"

सगळी खोली हसायची. काका माझ्या शेजारी बसायचे आणि सुई टोचायच्या आधी मला थोपटून म्हणायचे, "चल थोरले, घे धुवायला. डाग जात नसले तर घासू नकोस, कापड जुनं आहे." कुणीही आत आलं की काका नजरेनंच त्याचं माप घ्यायचे. शाळेचे गणवेश शिवून उरलेल्या निळ्या कापडाचं त्यांनी मला आच्छादन शिवलं होतं. त्याला खिसासुद्धा होता. मशीनला खिसा कशाला, असं सिस्टरनी विचारलं, तर म्हणाले, "बाईमाणूस आहे, काहीतरी ठेवायला नको का तिला?"

आणि ती मुलगी. ती सिस्टरांची लेक. सहा वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की आमच्या खोलीत यायची, पालथ्या बादलीवर बसून अभ्यास करायची. कुणाशी बोलायची नाही. कुणी नाव विचारलं तर आईच्या मागे लपायची. फक्त माझ्याशी बोलायची, तेही कुजबुजून. हजार, दहा हजार हे मोठे आकडे ती माझ्या पडद्यावरच वाचायला शिकली. दर शनिवारी माझे तास वाचून आईला सांगायचं काम तिच्याकडे होतं. मग मागच्या वर्षी काय झालं कोण जाणे, शाळेच्या स्पर्धेत तिनं भाषण केलं आणि थांबेचना. त्या दिवसापासून काका तिला रेडिओ म्हणायला लागले.

"हिचं बटण कुठंय हो सिस्टर?"

"मलाच सापडलं नाही, तुम्हाला काय सापडणार!"

ते दिवस चांगले होते. पुढचं सांगायला जिवावर येतं, पण सांगते.

एकदा इस्पितळाचे मोठे डॉक्टर आमच्या खोलीत आले आणि म्हणाले, की धुलाईच्या आवारात सातमजली खासगी इस्पितळ होणार आहे. सरकारकडे बांधायला पैसा नाही. म्हणून जागा सरकारची, ती साठ वर्षं नाममात्र भाड्यानं एका कंपनीला द्यायची. कंपनी तो भाडेकरार बँकेत तारण ठेवणार, कर्ज काढणार आणि इमारत बांधणार. त्या बदल्यात पाचातली एक खाट गरिबांसाठी फुकट, आणि डायलिसिसच्या दहा नव्या मशीन सगळ्यांसाठी.

शिंपीकाकांनी खुर्चीवरून विचारलं, "म्हणजे डॉक्टर, कापड आपलं, शिलाई त्यांची. मग सदरा कुणाचा?"

"तसं नाही हो काका. पाचातली एक खाट आपली ना."

"हां, म्हणजे एक बाही आपली."

डॉक्टर हसले. चांगला माणूस होता तो. त्याला खरंच वाटत होतं, की काहीच न होण्यापेक्षा बाही तरी मिळेल.

आवारातल्या दोऱ्या काढल्या. चादरी व्हरांड्याच्या कठड्यावर वाळायला लागल्या, म्हणजे वाळेनात. आमच्या खिडकीसमोर भिंत वर वर चढली आणि भरदुपारी दिवे लावावे लागले. त्याहून वाईट म्हणजे आमची दुरुस्ती थांबली. माझा पंप कुरकुरायचा, एक चाक वाकलं होतं, पडद्याचा कोपरा पिवळा पडला होता. सिस्टरनी अर्ज केला की वरून एकच उत्तर यायचं, "नवीन येणार आहेत, जुन्यांवर खर्च कशाला?" धाकटीचा दिवा तर चिकटपट्टी लावून बसवला होता. तरी आम्ही सहाही जणी रोज दोन पाळ्या चालत होतो. छत्तीस माणसं आमच्यावर जगत होती.

मग एक दिवस समोरच्या भिंतीवरचे आवाज बंद झाले. महिना गेला, दोन गेले, चार गेले. काम ठप्प. आणि एका शनिवारी दुपारी मोठे डॉक्टर कंपनीच्या मॅनेजरना घेऊन आमच्या खोलीत आले.

"सिस्टर, एका दिवसाचा प्रश्न आहे," मॅनेजर म्हणाले. "उद्या बँकेचे साहेब पाहणीला येताहेत. जागेवर दहा मशीन दिसल्या, की कर्जाचा तिसरा टप्पा सुटतो. आमच्या चार आल्यात, सहा अडकल्यात."

"कुठे अडकल्यात?"

"पैसे दिले की येतील."

"आणि पैसे?"

"बँकेनं दिले की..."

"म्हणजे मशीन दिसल्या की पैसे, आणि पैसे आले की मशीन," सिस्टर म्हणाल्या. "आमच्या दारातलं मांजर असंच फिरतं, स्वतःच्या शेपटीमागे."

मोठे डॉक्टर खाली बघत होते. ते हळूच म्हणाले, "सिस्टर, ती इमारत अर्धी राहिली तर आपलं काय? जागा तर गेलीच आहे. निदान खाटा तरी मिळू देत."

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी आम्हाला सुट्टी असते, कुणाची पाळी नसते. सिस्टरनी खुर्च्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"सोमवारी सकाळी सहाला माझ्या मशीन माझ्या जागेवर पाहिजेत. साडेसहाला पहिली पाळी लागते."

"सहा कशाला, साडेपाचला आणून देतो!" मॅनेजर म्हणाले.

सिस्टरनी वही उघडली. लिहिलं, "डायलिसिस मशीन, नग सहा, उसने, सोमवारी सहा वाजता परत." सही केली. स्वतःची. मॅनेजरांची मागितली नाही. मागायचं असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या अजून घरातल्या घरात देत होत्या.

नव्या इमारतीत मला ढकलत आणलं तेव्हा मुलीचे बाबा तिथे काम करत होते. ते नळाची कामं करतात, कंपनीकडे रोजावर. खोली मोठी होती. पांढरीशुभ्र, थंडगार, जमिनीत आपला चेहरा दिसेल अशी. दहा मशीनच्या मागे भिंतीत दहा चकचकीत तोट्या बसवायचं काम त्यांना दिलं होतं. मित्रांनो, मला शुद्ध पाणी लागतं, खूप लागतं. त्याचा वेगळा प्लँट असतो. तो नसला तर मी नुसतं कपाट.

"साहेब, तोट्या बसवतो, पण मागे पाइपच नाहीत," बाबा म्हणाले.

"पाइप दिसतात का?"

"भिंतीत असतात. दिसत नाहीत."

"मग?" मॅनेजर म्हणाले आणि फोनवर बोलत निघून गेले.

बाबांनी तोट्या बसवल्या. आम्हाला स्पिरिटनं पुसलं, माझ्या वाकड्या चाकाला काळा रंग लावला, जुना सरकारी क्रमांक खरवडून काढला. काकांनी शिवलेलं निळं आच्छादन कुणीतरी कचऱ्यात टाकलं. बाबांनी ते उचललं, झटकलं आणि घडी करून खिशात ठेवलं. माझ्याकडे न बघता.

रविवारी पाहणी झाली. फोटोत छान दिसावं म्हणून आमचे पडदे चालू केले होते, आणि साहेबांना गुच्छ द्यायला शाळेच्या मुली बोलावल्या होत्या. त्यात ती होती. आत आली आणि तिनं मला ओळखलं. सख्ख्या मावशीला दुसऱ्याच्या कपड्यात पाहिलं तरी ओळखू येतेच ना? तिनं मैत्रिणींच्या कानात सांगितलं, मैत्रिणींनी पैज लावली, आणि तो प्रश्न आला.

"अगं बाळ," मॅनेजर हसत म्हणाले, "कारखान्यात चाचणी घेतात ना, त्याचे तास असतात ते."

सगळे सुटल्यासारखे हसले. पण रेडिओ बंद होईना. "एकवीस हजार भागिले चोवीस," ती मोठ्यानं म्हणाली, "जवळजवळ नऊशे दिवस. चाचणी अडीच वर्षं चालली? रात्रंदिवस?"

एक मैत्रीण फिस्सकन हसली. आमच्यावर लक्ष ठेवायला आलेल्या, कोपऱ्यात उभ्या असलेल्या सिस्टरनी मान खाली घातली. बँकेचे साहेब वाकले आणि माझ्या पडद्याकडे बघत राहिले. माझे खरे तास, बहात्तरच्या पुढचे, एकेका माणसाचे. मला वाटलं, आता हे विचारतील, कुठून आणली? आता मला घरी सोडतील.

"हल्लीच्या मुली फार हुशार," साहेब म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातातला गुच्छ घेतला. टाळ्या वाजल्या.

सगळे चहाला गेल्यावर साहेब आणि मॅनेजर परत माझ्यापाशी आले.

"नव्या नाहीत ना या?"

"सहा येताहेत, साहेब. अगदी वाटेतच आहेत."

साहेबांनी चष्मा पुसला. "पहिले दोन टप्पे माझ्या सहीनं गेलेत. तिसरा अडवला तर इमारत अशीच पडून राहील, दोन्ही टप्पे बुडतील, आणि त्यांच्याबरोबर मी." त्यांनी कागदावर लिहिलं, "दहा मशीन, जागेवर." मग एका माणसानं आमच्या प्रत्येकीच्या कपाळावर पिवळी चिठ्ठी चिकटवली: बँकेकडे तारण, परवानगीशिवाय हलवू नये.

सोमवारी पावणेसहाला सिस्टर आमच्या साफसफाईच्या मावशींना घेऊन आल्या. मला दारापर्यंत ढकललंसुद्धा. दारावरच्या सुरक्षारक्षकानं हात आडवा घातला. "ताई, हे तारण आहे. बँकेचं पत्र आणा."

"अरे, तारण कसलं? माझी मशीन आहे ती! साडेसहाला माणसं बसायचीत!"

"मला काय सांगता ताई, चिठ्ठी वाचा."

मॅनेजर दहा वाजता आले. तोपर्यंत सिस्टर माझ्या शेजारीच उभ्या होत्या, माझ्यावर हात ठेवून.

"आता मशीन हलवली, की कर्जाची अट मोडली," ते म्हणाले. "मग सगळंच बंद. तुमचे पेशंट इथेच पाठवा ना, सुरू झालं की."

"कधी सुरू होणार?"

"पाण्याचा प्लँट आला की."

सिस्टरनी वही पुढे केली. "हे बघा. उसने लिहिलंय. सोमवारी सहा वाजता परत, असं लिहिलंय."

त्यांनी वही घेतली, वाचली आणि परत दिली. "यात आमची सही कुठे आहे?"

सिस्टरनी वही मिटली आणि माझ्यावरचा हात काढला.

तिसरा टप्पा सुटला, बरं का. पण आधीच्या दोन टप्प्यांचं व्याज थकलं होतं, ते बँकेनं आधी कापून घेतलं. उरलं त्यात इमारतीच्या दर्शनी भागाला निळ्या काचा लागल्या. पाण्याचा प्लँट आला नाही. सहा मशीन आल्या नाहीत. मी थंडगार खोलीत उभी होते, मागे कोरडी तोटी, आणि समोर रिकामी खुर्ची, जिच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी वर पत्रं लिहिली. छत्तीस माणसांना शेजारच्या शहरात जायला सांगितलं, बसनं अडीच तास. हे मला बाबा आणि त्यांच्या लेकीच्या बोलण्यातून कळायचं. ती दुपारी बाबांचा डबा घेऊन यायची.

"काका सोमवारी गेलेच नाहीत," ती सांगत होती. "आईच्या खोलीतच दुपारपर्यंत बसले. म्हणाले, थोरली येईल इतक्यात. गुरुवारी गेले तर तिथे म्हणाले, आधी आमचे पेशंट, जागा उरली तर तुम्ही. संध्याकाळपर्यंत बसवलं आणि परत पाठवलं. सोमवारी या म्हणाले."

"कसे आहेत?"

"पाय सुजलेत. चपलेचे पट्टे कापून घातल्यात." तिनं डबा पुढे सरकवला. "बाबा, ते माझ्या गणवेशाला काजं करत होते. सुई धरवत नव्हती. तरी विचारत होते, थोरली कशी आहे म्हणून."

"मग?"

"म्हटलं, उभी आहे काका. नुसती उभी. तर म्हणाले, मी पण तसाच की. फक्त तिला तारण ठेवलं तर पैसे मिळतात, मला कोण ठेवून घेणार!"

बाबा हसले नाहीत. त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

रविवारी शिंपीकाका गेले. अंगात साठलेलं पाणी छातीत चढलं. शेवटचे माझ्याजवळ बसले त्याला दहा दिवस झाले होते. दहा दिवसांतले आठ तास हवे होते त्यांना. मी रिकामीच होते.

सोमवारी मुलगी आली ती डबा न घेताच. माझ्यासमोर उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. मी वाट बघत होते, रेडिओ आता लागेल, आता ओरडेल. ती सहा वर्षांची असताना उभी राहायची, तशीच उभी राहिली आणि गेली.

शिंपीकाकांच्या बायकोनं तक्रार दिली. काकू साध्या बाई, पण तक्रार स्वतःच्या हातानं लिहिली आणि पोच घेऊनच उठल्या. चौकशी लागली. शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांच्या कचेरीत चौकशी अधिकारी बसणार असं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मॅनेजरनी सिस्टरना इथे, याच खोलीत बोलावून घेतलं. बाबा होतेच.

ते अगदी घरच्यासारखं बोलले. म्हणाले, "ताई, झालं ते वाईटच झालं. पण सरकारी मशीन बाहेर कुणी दिल्या, असं विचारतील. वहीवर एकट्या तुमची सही आहे. त्यापेक्षा या कागदावर सही करा, की मशीन जुन्या, निकामी झाल्या होत्या, म्हणून कायमच्या आमच्याकडे दिल्या. इस्पितळ सुरू झालं की तुम्ही इथे मुख्य सिस्टर. यांची नोकरी पक्की. मुलीच्या कॉलेजची फी आमच्याकडे लागली." कागद त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला आणि पेनही ठेवलं. "सावकाश करा," म्हणाले आणि गेले.

निकामी. मित्रांनो, एकवीस हजार चारशे बारा तास, आणि निकामी.

"करून टाक सही," बाबा म्हणाले.

"अहो, काय बोलताय?"

"काका परत येणार आहेत का? येणार असतील तर सांग, मी कागद फाडतो. तुझी नोकरी गेली, माझी गेली, तर खायचं काय? वर फौजदारी झाली तर? तुला जेलमध्ये बघायचं का मी?"

"मीच दिल्या त्या मशीन."

"एका दिवसासाठी दिल्यास!"

"मला घेणाऱ्याची सही घ्यायचं सुचलं नाही हो. साधी सही." सिस्टर खुर्चीच्या कडेवर टेकल्या. खाली प्लॅस्टिक चरचरलं. "काका रोज सहाला यायचे. मी म्हणायचे, एवढ्या लवकर कशाला, मशीन कुठे पळून जातेय का."

बाबांनी तोटीवर हात ठेवला. उगीच पिळली. अर्थात काही आलं नाही. "मीही बसवल्याच ना या," ते पुटपुटले. "माहीत असून बसवल्या."

पेन माझ्या डोक्यावरून घरंगळून खाली पडलं, ते कुणी उचललं नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी मशीननं म्हणायचं असतं, की मला पुसा, मला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला पुसतात, रोज पुसतात इथे. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या गावात सरकारी इस्पितळ असेल. तिथे कधीतरी सहज जा, आणि आत काय काय आहे, ते कुणाच्या कामाला येतं, हे बघून ठेवा. आवारातली एखादी दोरी जरी कुणी काढायला लागलं, तरी विचारा, काय करताय आणि बदल्यात काय देणार. तोंडी सांगितलं तर म्हणा, लिहून द्या. आमच्या सिस्टर लाजल्या. तुम्ही लाजू नका.

शाळा सुटली होती. मुलगी दारात येऊन उभी राहिली. दप्तर पाठीवर, काजं अर्धवट राहिलेला गणवेश अंगात, दोन बटणांच्या जागी सेफ्टी पिना. किती वेळ उभी होती कोण जाणे. बहुतेक सगळं ऐकलं होतं. आत आली, जमिनीवरचं पेन उचललं आणि माझ्यावर ठेवलं. कागद वाचला, मागून पुढून, शेवटपर्यंत.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "उद्या काकूंबरोबर मी चौकशीला जाणार. त्यांना सांगून आलेय. थोरली चालू होती आणि सोमवारी परत यायची होती, हे मी सांगणार. आई, तू उसन्या दिल्यास आणि सही घेतली नाहीस, तेही सांगणार. बाबा, तोट्यांच्या मागे पाइप नाहीत, आणि त्या तुम्ही बसवल्यात, तेही. अर्धं सांगितलं तर माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? या कागदावर सही करायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. आमचा आत जायचा नंबर अकरा वाजता लागणार आहे. माझ्याआधी तुम्ही दोघं आत गेलात, तर तुमच्याबद्दलचं मला सांगावं लागणार नाही."